वजावट

एस्कनाबात, न्हाव्याच्या दुकानावर, ड्वेन पेल्टियेचं विम्याचं ऑफिस.
जिन्याला सतरा पायऱ्या.
मी नाही मोजत, गुडघा मोजतो.

"किती हवं?" तो विचारतो,
बेकरीतली पोर विचारते ना,
किती काप करू, तसं.

गाडी ब्युइक, पंधरा वर्षांची.
रस्त्यावरच्या मिठाने डावं दार खाल्लंय,
काचेचा तडा टेप लावून थांबवलाय.
बाजारात अठराशे डॉलर,
तेही घेणारा भला निघाला तर.
"हिला कॉलिजन कशाला, मिसेस कुयाला?
हजार तर नुसती वजावट.
राहिले आठशे.
त्यासाठी वर्षाला चारशे भरणार?"
हिशेब बरोबर होता.
चौतीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात
दुधाचे खोके मोजलेत,
वजाबाकी मला शिकवू नये कुणी.
काढून टाक, म्हटलं.
शेजारच्या सीटला अरवोच्या पाठीचा खोलगा आहे अजून.
त्याचं कलम तसंही कुठल्या कागदात नव्हतं.

हरणांचं मात्र राहू दे.
नोव्हेंबरात ती पाचलाच रस्त्यावर येतात.
गेल्या साली एक माझ्या दिव्यांसमोर उभं राहिलं,
घरातलं माणूस दार उघडून
कोण आलंय बघतं, तसं.

माझ्या हाडांचं काय ते सरकारी कार्ड बघेल.

मग त्याने बोट ठेवलं सगळ्यात खालच्या ओळीवर.
"दुसऱ्याला लागलं तर.
कायद्याला एवढं पुरतं.
आणि तुमच्याकडे आहे तरी काय?
गळकं छप्पर, पेन्शन.
जेवढं गमावण्यासारखं, तेवढंच झाकायचं."

अंथरूण पाहून पाय पसरावेत,
खरंय.
पण ड्वेन, रस्त्यावर माझा पाय जातो
तो दुसऱ्याच्या अंथरुणात.

मी त्याला सांगितलं नाही
मार्चमधल्या मंगळवारचं.
लडिंग्टन स्ट्रीट, ऊन समोरून,
उजव्या डोळ्यात मोतीबिंदूचं दूध,
आणि स्टॉपची पाटी मी पाहिली
ती आरशात, मागे गेल्यावर.
काही झालं नाही.
एक बाबागाडी फुटपाथच्या कडेला थांबली होती,
तिची पुढची दोन चाकं खाली उतरलेली.
आईने हात वर केला,
शिवी द्यायला की देवाला, कळलं नाही.
मी घरी आले, बटाटे सोलले.
ग्रीन बेला मुलीचा फोन आला तेव्हा
हवेबद्दल बोलले.

त्या दोन चाकांची बाजारात किंमत किती?
कागद गिरणीतून पहाटे सुटणारी
एका ट्रकमधली चार पोरं,
टपालवाली रोंडा, जी भर हिमात
टपालपेट्यांना चिकटून गाडी हाकते,
टकर, परवाना मिळून आठ दिवस झालेला,
यांची कुठली ओळ?

"सगळ्यात वरची," मी म्हटलं.
ड्वेनने चष्मा काढला.
"महिन्याला एक्केचाळीस डॉलर वाढतील."
केबल जाईल. शुक्रवारचा मासा जाईल.
मासा नको जायला खरं तर.
बघू.

"आणि लिही," मी म्हटलं,
"अंधार पडल्यावर ही बाई गाडी चालवणार नाही."
"त्याला सूट नसते, मिसेस कुयाला."
"सूट कोण मागतंय?
लिहून ठेव."
रकाना नव्हता.
त्याने समासात पेन्सिलीने लिहिलं,
वर आजची तारीख घातली.

खाली उतरले तेव्हा चार वाजले होते
आणि तळ्यावरचा उजेड संपत आला होता.
पट्टा लावला. आरसा नीट केला.
डॉक्टरचा नंबर पर्समध्ये आहे, एप्रिलपासून.
पंचेचाळीसच्या रस्त्याला मी तीसने निघाले.
मागे दिव्यांची रांग लागली,
कुणीतरी हॉर्न दिला.
लागू दे रांग.